कुंडलिकेचा कातळ आणि धातूचा गुडघा

मुंबई-गोवा महामार्गाने कोलाडवरून गेलेल्यांनी कुंडलिका नदी पाहिली असेलच. मुळशीच्या तलावातील पाणी जाड लोखंडी नळांतून सह्याद्रीचा सुमारे ५०० मीटरचा उतार उतरते, भिऱ्याच्या वीजघरातील चक्रे फिरवते आणि मग या नदीला येऊन मिळते. हा क्रम १९२७ सालापासून चालू आहे. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या चैत्र-वैशाखात नुसते गोटे दाखवू लागतात, तेव्हाही कुंडलिका वाहती असते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून शेतांना पाट सुटतात आणि सुटीच्या दिवशी शहरातील मंडळी रबरी तराफ्यांत बसून आरडाओरडा करीत खाली येतात.

या नदीत पाय घालून उभे राहिलेल्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. पाण्याखालचा कातळ साबण चोळल्यासारखा बुळबुळीत असतो. आपण त्याला 'शेवाळ' म्हणतो आणि मोकळे होतो. पण जरा विचार करा. एखादा स्वच्छ घासलेला दगड पाण्यात ठेवला तर हिरवा रंग दिसू लागण्याच्या आधीच, दोन-चार दिवसांत, तो निसरडा होतो. घरातला पाण्याचा माठ आठवडाभर घासला नाही तर आतून हाताला बुळबुळीत लागतो. तेथे तर ऊन पोचतच नाही, आणि उन्हाशिवाय शेवाळ वाढत नाही. मग हा थर कोणी केला?

तो केला जीवाणूंनी. जीवाणू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाण्यात सुटे सुटे वळवळणारे सूक्ष्म जीव येतात. पाठ्यपुस्तकातील चित्रेही तशीच असतात. प्रत्यक्षात जीवाणूंना असे भटके आयुष्य फारसे आवडत नाही. संधी मिळताच ते कोणत्या तरी पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि त्यात वस्ती करून राहतात. या वस्तीला शास्त्रज्ञ 'बायोफिल्म' म्हणतात. मराठीत आपण 'जैवपटल' म्हणू. दातांवर सकाळी जीभ फिरवल्यावर जे खरखरीत-चिकट लागते तेही जैवपटलच.

वाहत्या पाण्यात टिकतात कसे?

आता माझ्या विषयाकडे वळतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनात प्रथम येतो. कुंडलिकेच्या धारेत माणसाचे पाय टिकत नाहीत. मग एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या आकाराचा जीवाणू तेथे चिकटतो तरी कसा?

याचे उत्तर तुमच्या वर्गातील पंख्याला विचारा. पंखा दिवसभर वेगाने फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धुळीचा थर जमतोच. वारा धूळ उडवीत का नाही? कारण हवा असो वा पाणी, घन पृष्ठभागाला अगदी लागून असलेला त्याचा थर पृष्ठभागाच्या सापेक्ष स्थिरच असतो. पृष्ठभागापासून दूर जावे तसा वेग हळूहळू वाढत जातो. या मधल्या पट्ट्याला 'सीमास्तर' म्हणतात.

आपण ढोबळ हिशेब करू. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने एका सपाट दगडावरून वाहते आहे असे समजा. दगडाच्या पुढच्या कडेपासून १० सेंटिमीटर अंतरावर सीमास्तराची जाडी साधारण १ मिलिमीटर येते. आणि दगडापासून १ मायक्रोमीटर उंचीवर, म्हणजे आपल्या जीवाणूच्या डोक्यावर, पाण्याचा वेग किती असेल? सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटर! वर महापूर चाललेला असतो आणि जीवाणूच्या अंगणात मात्र मंद झुळूक असते. शिवाय हाच प्रवाह त्याच्यासाठी ताजे अन्न आणि प्राणवायू आणून देतो. घरबसल्या शिधा पोचत असेल तर कोण हिंडेल?

चिकटण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होते. कोणतीही स्वच्छ वस्तू नैसर्गिक पाण्यात किंवा रक्तात बुडवली की काही सेकंदांत-मिनिटांत तिच्यावर प्रथिने आणि इतर सेंद्रिय रेणूंचा अतिशय पातळ लेप बसतो. जीवाणू येतात ते या लेपावर. बहुतेक जीवाणूंवर ऋण विद्युतभार असतो आणि अनेक पृष्ठभागांवरही तोच असतो, त्यामुळे त्यांच्यात प्रतिकर्षण होते. पण अगदी जवळ गेल्यावर रेणूंमधील आकर्षण, म्हणजे व्हॅन डर वाल्स बल, वरचढ ठरते. जीवाणूच्या अंगावरील केसांसारखे बारीक तंतू ही मधली दरी ओलांडून पलीकडे पकड घेतात. ही पहिली पकड ढिली असते. एखादा जीवाणू सुटूनही जातो. जो राहतो तो शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिने, एवढेच नव्हे तर मेलेल्या भाईबंदांचा डीएनए यांची खळ बनवू लागतो. मग त्याचे विभाजन होते, नवे पाहुणे येऊन मिळतात, आणि काही दिवसांत मशरूमसारखे उंचवटे व त्यांच्यामधून पाणी खेळवणारे बारीक पाट अशी वस्ती उभी राहते. पूर्ण वाढलेल्या वस्तीत जीवाणूंपेक्षा खळीचाच भाग पुष्कळदा जास्त असतो.

हे सारे पाहणारा पहिला माणूस शास्त्राची पदवी घेतलेला नव्हता. हॉलंडमधील कापडाचे व्यापारी लेव्हेनहूक यांनी १६८३ साली आपल्याच दातांवरचे किटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरले आणि त्यात हालणारे जीव पाहिले. त्यांनी आणखी एक नोंद करून ठेवली. व्हिनेगरने दात धुतल्यावर किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले मात्र जिवंत राहिले. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर अडीचशे वर्षे जीवाणुशास्त्र दुसऱ्याच वाटेने गेले. रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीने एकाच जातीचे जीवाणू वेगळे काढून बशीत वा नळीत वाढवणे सोयीचे होते, आणि त्यातून क्षय, पटकी अशा रोगांची कारणे सापडली. तेव्हा त्या वाटेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण नळीतला जीवाणू हा पिंजऱ्यातल्या वाघासारखा. जंगलात तो कसा राहतो हे त्यावरून कळत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतील आर्थर हेन्रिसी यांनी सरोवराच्या पाण्यात काचपट्ट्या टांगून त्यांवर जमणारे जीवाणू पाहिले. १९४३ मध्ये क्लॉड झोबेल यांनी समुद्राच्या पाण्यातील जीवाणू सुटे राहण्यापेक्षा काचेवर कसे जमतात हे दाखवले. आणि कॅनडातील बिल कॉस्टर्टन यांनी डोंगरातील झऱ्यांचे दगड तपासले, तेव्हा पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूंपेक्षा दगडांवर चिकटलेले कितीतरी पटींनी जास्त भरले. १९७८ साली त्यांनी 'जीवाणू चिकटतात कसे' या विषयावर सहकाऱ्यांसह लेख लिहिला, तेव्हापासून या विषयाला खरी गती आली. म्हणजे ज्या ज्ञानावर आज मोठमोठ्या रुग्णालयांत विचार होतो त्याचा एक उगम निसरड्या दगडांत आहे.

शरीरात गेलेला परका दगड

'रुग्णालयाचा आणि नदीतल्या दगडाचा संबंध काय?' असे तुम्ही विचाराल. आज माणसाच्या शरीरात कितीतरी परक्या वस्तू बसवल्या जातात : झिजलेल्या सांध्याच्या जागी धातू व प्लॅस्टिकचा सांधा, मोडलेले हाड जोडण्यासाठी पट्ट्या व स्क्रू, हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर, कृत्रिम झडपा, डोळ्यातील भिंग, लघवीसाठी घातलेली नळी. तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी गुडघा बदललेला असण्याचा संभव बराच आहे. महाराष्ट्रात या शस्त्रक्रिया आता तालुक्यांच्या गावांपर्यंत आल्या आहेत. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी तर आपल्या लोकांची शरीरयष्टी आणि जमिनीवर बसण्याची सवय ध्यानात घेऊन 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला.

शरीरातल्या जिवंत पेशींना रक्तपुरवठा असतो, आणि रक्तातून पांढऱ्या पेशी येऊन जीवाणू गिळून टाकतात. धातूच्या गुडघ्याला रक्तपुरवठा नाही. जीवाणूच्या दृष्टीने तो नदीतला कातळच. सभोवती कोमट, खारट, अन्नाने भरलेले पाणी वाहते आहे आणि मध्ये एक निर्जीव पृष्ठभाग!

याने किती फरक पडतो हे १९५७ साली इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन यांनी मोजले. निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेत पू करणारे स्टॅफिलोकोकस जीवाणू टोचले, तर गळू होण्यासाठी २० लाखांहून अधिक जीवाणू लागत. पण त्याच जागी रेशमी दोऱ्याचा एक टाका असला तर काही शे जीवाणू पुरत. एका दोऱ्याच्या तुकड्याने शरीराची ताकद सुमारे दहा हजार पटींनी घटली. असा प्रयोग आज माणसांवर कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

हे जीवाणू तरी भयंकर असतात का? मुळीच नाही. कृत्रिम सांध्यावर वस्ती करणाऱ्यांत 'स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस' हा वारंवार सापडतो, आणि तो या क्षणी तुमच्या-माझ्या कातडीवर आहे. तेथे तो निरुपद्रवी, किंबहुना उपयोगीच असतो. धातूवर जाऊन बसला की मात्र त्याला हलवणे कठीण. अमेरिकन शल्यविशारद अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली याला शर्यतीची उपमा दिली. नवा सांधा बसवला की त्याच्या पृष्ठभागाकडे दोन स्पर्धक धावतात : शरीराच्या स्वतःच्या पेशी आणि जीवाणू. पेशी आधी पोचल्या, हाड धातूला घट्ट धरून वाढले, तर उशिरा आलेल्या जीवाणूंना जागा उरत नाही. जीवाणू आधी पोचले तर पेशींना तेथे ठाव मिळत नाही. अशा वेळी पांढऱ्या पेशीही येतात, पण खळीत रुतलेली वस्ती त्यांना गिळता येत नाही. त्या आपली जहाल रसायने तेथेच ओततात, आणि त्यात आजूबाजूच्या चांगल्या हाडाचेच नुकसान होते.

माझ्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांचा गुडघा बदलला होता. वर्षभर सारे सुरळीत होते. मग सांधा दुखू लागला, सुजू लागला. गोळ्या घेतल्या की बरे वाटे, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. शेवटी सांधा काढावा लागला, आणि जवळजवळ दोन महिने त्यांनी खाटेवर आणि काठीवर काढले. 'गोळ्या चालत होत्या ना, मग जंतू मेले का नाहीत?' हा त्यांचा प्रश्न होता. तो अगदी शास्त्रीय प्रश्न आहे.

असाच प्रश्न कॅनडातील डॉक्टरांना एका पेसमेकरच्या रुग्णाबाबत पडला होता. प्रतिजैविके देऊनही संसर्ग परतत होता. शेवटी हृदयात गेलेली तार बाहेर काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तारेवर जाड खळ होती आणि खळीत जीवाणूंचे घोस होते. कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. नदीच्या दगडावर पाहिलेले चित्र माणसाच्या हृदयात सापडले!

तुर्भ्याचे किरण काय करतात, काय करीत नाहीत

येथे कोणी म्हणेल, सांधा बसवण्याआधी तो निर्जंतुक केला की झाले. ते तर केलेच जाते, आणि त्यात आपल्या मुंबईचा एक मोठा वाटा आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात १९७४ साली 'आयसोमेड' नावाचा प्रकल्प सुरू झाला. तेथे कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू बंद खोक्यांसकट निर्जंतुक करण्यात येऊ लागल्या. सिरिंज, टाक्यांचे दोरे, पट्ट्या यांना उकळणे नको, वाफ नको. खोके किरणांसमोरून फिरवले की काम झाले.

यासाठी साधारणपणे दिली जाणारी मात्रा २५ किलोग्रे असते. एक ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला एक ज्यूल ऊर्जा. म्हणजे २५ किलोग्रे मात्रेत दर किलोग्रॅमला २५,००० ज्यूल. ही ऊर्जा एक किलो पाण्याला दिली तर त्याचे तापमान किती वाढेल? पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४२०० आहे, भागाकार करा. फक्त ६ अंश सेल्सिअस! चहाच्या पातेल्यात कोणाला जाणवणारही नाही एवढ्या उष्णतेत सगळे जीवाणू मरतात, कारण किरण उष्णतेने मारीत नाहीत, तर जीवाणूंच्या डीएनएची साखळी तोडतात. प्लॅस्टिक वितळत नाही, खोके फोडावे लागत नाही. हा हिशेब मी दर वर्षी वर्गात करून घेतो आणि दर वर्षी मुलांना तो खोटा वाटतो.

पण खोके फोडल्यानंतर काय? शस्त्रक्रियागृहातील हवेत माणसांच्या कातडीचे सूक्ष्म पापुद्रे तरंगत असतात आणि त्यांवर जीवाणू असतात. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६२ साली आज प्रचलित असलेल्या पद्धतीचा कृत्रिम खुब्याचा सांधा बसवण्यास सुरुवात केली. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत सुमारे ७ टक्के लोकांना संसर्ग होई. चार्नलींनी हवेलाच दोषी धरले. काचघरासारखी छोटी खोली करून तीत गाळलेली हवा वरून खाली एकसारखी सोडली, कपडे बदलले, हातमोजे दुहेरी केले, आणि काही वर्षांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. म्हणजे हाडांच्या या डॉक्टरांनी द्रवगतीचा प्रश्न सोडवला. आज चांगल्या केंद्रांत गुडघा किंवा खुबा बदललेल्या शंभरांपैकी एखाद-दोघांनाच असा संसर्ग होतो. पण शस्त्रक्रियाच लाखांनी होत असतील तर एक टक्का म्हणजे किती माणसे, याचा हिशेब तुम्हीच करा.

औषध पोचत नाही की लागू पडत नाही?

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ. लेव्हेनहूक यांनी व्हिनेगरबद्दल जे अनुमान काढले तेच बहुतेक लोक आजही काढतात : खळीची भिंत जाड, औषध आत शिरत नाही, म्हणून जीवाणू वाचतात. ऐकायला पटते. पण आपण आकडे घालून पाहू.

स्थिर माध्यमात रेणू एका जागेहून दुसरीकडे विसरणाने जातात. त्यासाठी लागणारा वेळ ढोबळमानाने असा :

वेळ = (अंतर × अंतर) ÷ (२ × विसरणांक)

पाण्यात ग्लुकोजचा विसरणांक सेकंदाला सुमारे ६०० चौरस मायक्रोमीटर आहे. एक सेंटिमीटर, म्हणजे १०,००० मायक्रोमीटर अंतर घ्या. वर्ग झाला १० कोटी. त्याला १२०० ने भागले तर सुमारे ८३,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ एक दिवस. चहात साखर घालून ढवळायचे का, ते यावरून कळते. आता अंतर १०० मायक्रोमीटर घ्या; बऱ्याच जैवपटलांची जाडी एवढीच असते. वर्ग १०,०००, भागिले १२००, उत्तर सुमारे ८ सेकंद! अंतर शंभर पटींनी घटले तर वेळ दहा हजार पटींनी घटतो. प्रतिजैविकाचा रेणू ग्लुकोजपेक्षा मोठा असतो आणि खळीत त्याची चाल आणखी मंदावते हे धरले, तरी काही मिनिटांपलीकडे हिशेब जात नाही. माणूस तर आठवडेच्या आठवडे औषध घेत असतो. तेव्हा नुसत्या भिंतीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. काही औषधे धन विद्युतभारामुळे खळीला चिकटून उशीर करतात, काही औषधे जीवाणूंची विकरे वाटेत मोडून टाकतात हे खरे. पण अनेक औषधे थराच्या तळापर्यंत पोचतात आणि तरीही तळचे जीवाणू जगतात.

याचे कारण कळण्यासाठी डोलवहाळच्या पाटाकडे पाहा. पाटाच्या तोंडाशी असलेली शेते पाणी भरपूर घेतात आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी येईतो ओघ आटलेला असतो. पाट तुंबलेला नसतो. वरच्यांनी पाणी वापरलेले असते. जैवपटलात प्राणवायूचे तसेच होते. विसरणाने तो सहज खाली उतरू शकतो, पण वरच्या थरातले जीवाणूच तो खाऊन टाकतात, आणि पुष्कळदा पन्नास-शंभर मायक्रोमीटरखाली काहीच उरत नाही. अन्नाचेही तेच. तळचे जीवाणू उपाशी राहतात, वाढ थांबवतात आणि जवळजवळ झोपी जातात.

आणि येथेच मेख आहे. पेनिसिलीनसारखी औषधे जीवाणू वाढत असताना, नवी पेशीभिंत बांधत असताना ती बांधणी बिघडवतात. जो बांधतच नाही त्याचे काय बिघडवणार? १९४४ साली जोसेफ बिगर या आयरिश जीवाणुशास्त्रज्ञाने दाखवले की पेनिसिलीनमध्ये बहुतेक सगळे स्टॅफिलोकोकस मरतात, पण दहा लाखांत एखादा उरतो. मौज अशी की त्या उरलेल्याची पिले पुन्हा पेनिसिलीनने मरतात. म्हणजे तो औषधाला सरावलेला नव्हता, फक्त निजलेला होता. औषध थांबले, अन्न मिळाले की तो जागा होतो. गृहस्थांचा गुडघा पुन्हा पुन्हा का सुजत होता हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

मग लेव्हेनहूक यांचे अनुमान सगळीकडेच अपुरे का? तसेही नाही, आणि याचे उदाहरण प्रत्येक ग्रामपंचायतीच्या टाकीत आहे. पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकतात, तिच्यातील क्लोरीन सुट्या जीवाणूंना मारते. पण टाकीच्या भिंतीवर थर असेल तर क्लोरीन त्या खळीशीच रासायनिक क्रिया करून वाटेत खर्च होते आणि तळापर्यंत पोचतच नाही. प्रतिजैविके खळीवर अशी खर्च होत नाहीत, क्लोरीन होते. म्हणून ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले तरी टाकी वेळोवेळी रिकामी करून आतून घासलीच पाहिजे. नुसती पावडर वाढवणे हा आळसाचा उपाय होय.

शल्यविशारदही हेच करतात. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच आठवड्यांत संसर्ग कळला तर सांधा उघडून घासून-धुऊन काढतात, बदलता येण्याजोगा प्लॅस्टिकचा भाग बदलतात आणि दीर्घकाळ औषधे देतात. स्टॅफिलोकोकस असल्यास त्यांत रिफॅम्पिसिन असते. क्षयरोगावरचे हे औषध चिकटलेल्या, मंद वाढणाऱ्या जीवाणूंवरही काम करते, मात्र ते एकटे कधी देत नाहीत. जीवाणू त्याला फार लवकर सरावतात. थर जुना झाला असेल तर बहुधा सांधाच काढतात. त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात आणि काही आठवड्यांनी नवा सांधा बसवतात. हे सिमेंट घर बांधण्याचे नव्हे; ज्या ॲक्रिलिकच्या पारदर्शक पट्ट्या तुमच्या कंपासपेटीत असतात त्याच जातीचे ते बहुवारिक आहे.

त्यापेक्षा थर धरूच न देणे स्वस्त. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर दात, गळवे, लघवी, रक्तातील साखर तपासायला सांगतात तेव्हा 'गुडघ्याचा आणि दाताचा काय संबंध' म्हणून आजोबा कुरकुर करतात. त्यांना हा लेख वाचून दाखवा. किडक्या दातातून किंवा पिकलेल्या गळवातून जीवाणू रक्तात शिरू शकतात आणि शर्यतीत उतरू शकतात. लघवीच्या नळीचे तर गणितच सरळ आहे. ती आत असेतो दर दिवशी संसर्गाचा धोका ३ ते ७ टक्क्यांनी साठत जातो. महिनाभरात जवळजवळ प्रत्येक नळीवर जीवाणू येतात. म्हणून चांगली परिचारिका रोज विचारते, 'आज ही नळी खरोखर हवी आहे का?'

चिकटूच न देणारे पृष्ठभाग शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. अळवावरचे पाणी आपल्याला म्हणीपुरते ठाऊक. पण त्या पानावरील मेणाच्या सूक्ष्म खडबडीत रचनेत हवा अडकते आणि पाण्याचा थेंब हवेवर तरंगतो. तसे पृष्ठभाग करून पाहिले, तर जीवाणू सुरुवातीला खरोखर कमी चिकटतात. रक्तात मात्र ती अडकलेली हवा हळूहळू विरघळून जाते, त्यामुळे शरीरात या युक्तीवर फार भिस्त ठेवावी असे मला वाटत नाही. दुसरी युक्ती अधिक नामी आहे. सिकाडा नावाच्या कर्कश कीटकाच्या पंखांवर अतिसूक्ष्म खुंट्या असतात. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की त्यांवर बसलेला 'सुडोमोनास' जीवाणू काही मिनिटांत फाटून मरतो. कोणतेही विष नाही, केवळ यांत्रिक ताण! जाड भिंतीचा स्टॅफिलोकोकस मात्र त्या खुंट्यांना दाद देत नाही. त्याला चतुराच्या पंखावरची रचना लागते. टायटॅनियमवर अशा खुंट्या उगवण्याचे प्रयोग झाले आहेत. पण मेलेल्या जीवाणूंचाच थर खुंट्यांवर साचला तर पुढच्यांसाठी गादी तयार होते, आणि ही अडचण लहान नाही.

करून पाहा

हेन्रिसींचा प्रयोग तुम्हालाही करता येईल. शाळेतून सहा काचपट्ट्या घ्या. साबणाने धुऊन, कोरड्या करून, दोऱ्याने बांधून तीन पट्ट्या जवळच्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात आणि तीन साचलेल्या डबक्यात टांगा. साकवाचा कठडा यासाठी सोयीचा. पावसाळ्यात आणि धरणाचे पाणी सुटते तेथे हा प्रयोग करू नका. मोठे माणूस बरोबर असू द्या. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दोन्ही ठिकाणची एकेक पट्टी काढा. एक बाजू पुसून टाका, दुसरी हळूच पाण्यातून विसळून सावलीत वाळवा. वाळल्यावर ती ज्योतीवरून दोन-तीनदा चटकन फिरवा, मेथिलीन ब्लूचे थेंब टाकून दोन मिनिटांनी धुवा आणि सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या शक्तीच्या भिंगाखाली पाहा. एका दृश्यक्षेत्रात निळे ठिपके किती ते पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्या आणि दिवस विरुद्ध संख्या असा आलेख काढा. वाहत्या आणि साचलेल्या पाण्याच्या रेषा वेगळ्या आल्या तर सीमास्तर आणि अन्नपुरवठा या दोन्हींचा विचार करून कारण लिहा. सातव्या दिवशी ठिपके मोजताच येणार नाहीत इतके दाट झाले असतील तर मोजणी सोडून चित्र काढा. घोस कसे आहेत, मधल्या मोकळ्या वाटा कोठे आहेत, ते दाखवा.

प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत, आणि पट्ट्या टी.सी.एल.च्या पाण्यात अर्धा तास बुडवण्याआधी ब्रशने नीट घासून घ्याव्यात. आधी का, ते आता सांगायला नको.